पत्तेवालीचं पातेलं

भांड्यावर नाव घालून आणायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते मुद्दाम घातलं नाही. कोरणाऱ्याची चूक झाली, असं मी पुढे बरेच दिवस सांगत होतो. ते खोटं होतं.

भांडी आक्काची. आक्का म्हणजे माझी चुलत बहीण सुनंदा. पोकर खेळून ती पोट भरते. कधी गोव्यात, कधी परदेशात. पत्त्यांचाच खेळ तो. हातातली पानं झाकायची, समोरच्याचा अंदाज घ्यायचा आणि डाव लावायचा. भोरकडच्या पाली गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत तिला सगळे पत्तेवाली म्हणत. अर्थात पाठीमागे.

तिची नजर सोसवत नसे. लहानपणी आम्ही वाडीजवळच्या गडाच्या पायथ्याला शेळ्या राखायचो. दुपारी म्हातारे गुराखी पत्ते कुटत बसत आणि आक्का त्यांच्यात. मी हरून चिडलो की ती म्हणे, "शेळी पळायच्या आदी कान हलवती. माणसाचं बी कायतरी हलतंच. तू खोटं बोलताना कॉलर धरतोस बघ."

पुण्यात ती एका कचेरीत नोकरीला होती. तिथल्या पोरांनी तिला पोकर शिकवला आणि थोड्याच दिवसांत तिच्याशी खेळायचं बंद केलं. नोकरी सोडून ती गोव्याला गेली तेव्हा आत्यानं खवचटपणे विचारलं, "कुणाबरोबर गेलीस गं?"

"ब्यागेबरोबर," आक्का म्हणाली.

मीही एकदा तिला जुगारी म्हणालो होतो. ती चिडली नाही. "जुगारी आशेला चिकटतो. मी हातातलं पान लई वेळा टाकून देती आन् गप बघत बसती. टाकाया जमलं तर ह्यो धंदा." एक वर्ष तिला सगळंच उलटं गेलं. तरी दिवाळीला आली, पोटभर जेवली, मग म्हणाली, "औंदा पडले. तुझं भात गेलं म्हणून तू शेती सोडतोस व्हय?"

पुढे तिनं एक मोठी स्पर्धा मारली आणि जत्रेच्या जेवणासाठी वाडीला पातेली दिली. तोवर आम्ही ती भाड्यानं आणत होतो. अट एकच होती. "नाव घाल. माझं. बापाचं न्हाई, मंडळाचं न्हाई."

जत्रा समितीचा सचिव मीच. देवाच्या पंगतीला पत्त्यांची भांडी, असं कुणीतरी कुजबुजलं. त्यात माझ्या मुलीची सोयरीक जुळत होती आणि पाहुणे जत्रेला यायचे होते. मी भोरच्या बाजारातून 'गुप्तदान' कोरून आणलं.

जत्रेच्या दिवशी तिनं विचारलं, "नाव घातलंस?"

"घातलं की."

तिनं माझ्या कॉलरवर गेलेल्या हाताकडे पाहिलं आणि भरल्या पंगतीतून उठली. रिकामं झालेलं एक पातेलं फिरवून वाचलं. आचाऱ्याकडून खिळा घेतला, चुलीजवळचा दगड उचलला आणि ठोकायला बसली. वाढपी होते तिथेच थांबले.

"आक्का, लोक बघत्यात."

"बघू दे. वाचता येतंय त्यांना." टण, टण. "चोर लपवतो रं. मी चोरी केली न्हाई."

'सुनंदा' झालं. मला वाटलं, संपलं. तिनं त्याच्याखाली 'पत्तेवाली' ठोकलं, वेड्यावाकड्या अक्षरांत. मग हात धुतले, राहिलेलं जेवण संपवलं आणि एसटी पकडून गेली. पाहुण्यांनी सोयरीक मोडली नाही. ज्याची भीती धरली होती ते घडलंच नाही, आणि त्यानं मला जास्तच लाज वाटली.

त्यानंतर ती जत्रेला आली नाही. बायका मात्र बिनधास्त म्हणू लागल्या, "पत्तेवालीचं पातेलं आणा गं." ते नाव सगळ्या वाडीच्या तोंडात बसलं. माझ्याच तोंडून निघेना. शेवटी औंदा जत्रेच्या तोंडावर मी फोन केला. "आक्का, चुकलं माझं."

"कानात नगं सांगू. नाव समद्या पंगतीत खाल्लंस. भोंग्यावर बोल."

"येशील?"

"बघाया यीन."

आली. पंगतीच्या मधोमध बसली. चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसत नव्हतं, नजर तेवढी माझ्या कॉलरवर होती. मी माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणालो, "ही भांडी माझ्या बहिणीनं, सुनंदानं दिलीत. ती पोकर खेळते. पत्त्यांवर जगते. तिचं नाव मी लाजेनं लपवलं. लाज माझी होती, तिची नव्हती. आक्का, मला माफ कर."