साहेब सोडून कोणीच नाही

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, आणि तिची खरी बाजू मी बायकोलाही कधी सांगितली नाही. परवा वकील मुलीनं घरबसल्या कोर्टाचं रेकॉर्ड संगणकावर उघडलं. "मला पाहू दे," म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, माझ्या पासवर्डनं तुम्ही पाहिलं तरी नोंद माझ्याच नावावर होते. नाही देत." मला नवल वाटलं. आत येणारा कोण, हे ते यंत्र प्रत्येकाला विचारतं. हुद्दा पाहत नाही.

सत्तरच्या दशकात मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याला फौजदार होतो. अड्याळकडच्या दोन भावांच्या वाटणीच्या दाव्यातलं मूळ मृत्युपत्र कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून नाहीसं झालं. कुलूप शाबूत, दाव्याचे कागद बांधलेल्या बस्त्याची गाठ शाबूत. किल्ली कोर्टाच्या शिपायाकडे, त्याच्यावर देखरेख नाझरांची, म्हणजे कोर्टाच्या कचेरीतल्या कारभाऱ्यांची. मग कागद गेला कसा? हे कोडं मला स्वस्थ बसू देईना.

खबर आली की, धाकट्या भावानं शिपायाला बसस्टँडवर चहा पाजला. शिपायाला ठाण्यात आणलं.

"चहा कायले पाजला रे त्यानं?" हवालदारानं विचारलं.

"माह्या सासरच्या गावचा हाये जी तो. मंग काय नुसतं पानी पाजन?"

"आत कोण कोण गेलं?" मी विचारलं.

"नाझरसाहेब जातेत. बाकी तुमी सोडून कोनीच नाही गेलं, साहेब. माही नोकरी नोका घेऊ जी, लेकरं हायेत."

"घ्या!" हवालदार म्हणाला. "आता साहेबच चोर!"

आम्ही सगळे हसलो. जबाबात मी लिहिलं, 'बाहेरील कोणीही इसम आत गेला नाही.' तेव्हा मनात खोट नव्हती. त्याच भावांच्या मारामारीचा तपास माझ्याकडे होता, म्हणून सह्या ताडायला मी त्याआधी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन तो बस्ता उघडला होता. पण वर्दीवाल्याची नोंद करायची रीतच नव्हती, आणि मीही स्वतःला कधी 'कोणी'त धरलं नाही. माझ्या अहवालावर शिपाई निलंबित झाला.

पुढे मारामारीचं दोषारोपपत्र तयार करताना, डॉक्टरच्या दाखल्याला चिकटलेलं ते मृत्युपत्र माझ्याच कागदांत निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नाझर जेवायला गेलेले असताना, मी रेकॉर्ड रूमवर गेलो. नव्या शिपायानं सलाम ठोकून कुलूप उघडलं. काही विचारलं नाही. मी कागद रॅकच्या मागे सरकवला आणि संध्याकाळी पंचांसमक्ष शोधून काढला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. जुन्या शिपायाबद्दल ठरलं की, त्यानंच तिथं दडवून ठेवला असणार. त्याची नोकरी गेली.

नंतर पवनीच्या बाजारात तो भाजी विकताना दिसायचा. "राम राम साहेब," म्हणायचा. मी मान हलवून पुढे जायचो.

पुढच्या नोकरीत प्रत्येक तपासात मी आधी स्वतःला विचारायचो, तू कुठं होतास? ती सवय इतरांच्या कामी आली, त्या शिपायाच्या नाही.

तो वारला. त्याचा मुलगा जिल्ह्यातच आहे. कागद माझ्याकडूनच गेला होता, त्याचा बाप निर्दोष होता, हे माझ्या सहीनं लिहून द्यायचं, एवढं मी त्या मुलाचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.