धबधब्याचा पडदा

आमच्या वस्तीतला फोटोग्राफर कापेम्ब्वा फार मोठा कलावंत. तीस वर्षं त्याने डोंगरासमोर पडदा टांगला आणि पडद्यासमोर माणसं बसवली. पडद्यावर एक धबधबा रंगवलेला होता. तो धबधबा ना त्याने कधी पाहिला होता, ना फोटो काढून घेणाऱ्यांनी. मागे खराखुरा डोंगर, ओढा, आंब्याची झाडं. पण जे रोज फुकट दिसतं त्याचा फोटो काढायला माणूस पैसे कशाला देईल?

मी जेरे. आम्ही न्गोनी, तो बेम्बा. आमच्या जमातींत थट्टेचं नातं आहे. एकमेकांच्या मयतीतही टोमणे मारायचा आम्हाला हक्क आहे. मी त्याला माकडखाऊ म्हणतो, तो मला उंदीरखाऊ. तेव्हा माझं बोलणं कुणी मनावर घेऊ नये.

पुढे तांब्याची नवी खाण आली. आठ वर्षांत तिने डोंगर गिळला. ओढ्यातले मासे पोट वर करून तरंगायला लागले. मग खाणीचा गाळ टाकायला जागा कमी पडली, तेव्हा साहेबांनी आमची जुनी दफनभूमी पसंत केली. त्यांच्या नकाशात ती नव्हतीच, त्यामुळे कुणाला विचारायचा त्रासही वाचला.

बाना मुम्बा, म्हणजे मुम्बाची आई, खाणीच्या कचेरीत गेली. नवऱ्याची कबर नव्या जागी हलवून द्या, एवढंच तिचं मागणं होतं.

साहेब म्हणाले, "मातीचे ढिगारे काय, आज कुणीही रचेल. जुना फोटो आणा."

ती कापेम्ब्वाकडे आली. "बाबा, मातीच्या दिवशी तू फोटो काढला होतास ना?"

कापेम्ब्वाने पेटी उपसली. फोटो निघाला. काळ्या कपड्यांत बाना मुम्बा रडते आहे आणि मागे धो धो धबधबा. कबर, क्रूस, सगळं पडद्याआड.

"अरे माकडखाऊ, मयतीतसुद्धा पडदा?" मी म्हणालो.

"त्यांनीच सांगितलं होतं रे, नुसत्या मातीपुढं बरं दिसत नाही म्हणून."

"मीच म्हणाले होते," बाना मुम्बा म्हणाली. "तेव्हा काय ठाऊक, मातीच दाखवावी लागेल."

साहेबांनी फोटो निरखून पाहिला. "हा धबधबा तर पार देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आई. तिकडे अर्ज करा." साहेबांना विनोदाची चांगली जाण होती.

सोमवारी सकाळी बुलडोझर आला. बाना मुम्बा कबरीवर फतकल मारून बसली. साहेब धावत आले आणि तिला उठवायला वाकले. तेवढ्यात कापेम्ब्वाने पडद्याशिवाय, आयुष्यात पहिल्यांदाच, फोटो काढला. त्यात ती, नवऱ्याच्या नावाचा क्रूस, बुलडोझर आणि तिचा दंड धरलेले साहेब, सगळे आले.

"छान आलात, साहेब!" मी ओरडलो. "राजधानीत, लुसाकाच्या पेपरात हाच देतो!"

साहेबांनी घाईघाईने हात मागे घेतला. दुपारी निरोप आला: फोटोत दिसते ती कबर खाण स्वखर्चाने हलवेल. बाकीच्यांना पुरावा नाही. आम्ही पुन्हा कॅमेरा घेऊन पोचेपर्यंत तारेचं कुंपण उभं राहिलं होतं आणि पहारेकरी आत सोडेनात.

गुरुवारी बाना मुम्बाच्या नवऱ्याला नव्या जागी नेलं. ती कापेम्ब्वाचे हात धरून खूप रडली. मी त्याला म्हटलं, "चल, एकदाचा उपयोगी पडलास!"

कुंपणापलीकडे राखाडी गाळ पसरत होता, तिकडे तो बघत राहिला.

"काय झालं रे?"

"माझी आई पण तिथंच होती, जेरे."

मला हे ठाऊक नव्हतं. "मग तिचा का नाही काढलास?"

"तिच्या कबरीच्या उशाशीच कॅमेरा घेऊन उभा होतो," तो म्हणाला. "तिथून सगळे नीट दिसत होते."