फोटोत माणूस नको

आमच्या निसर्गभ्रमण मंडळात तीन सभासद होते आणि त्यांतल्या दोघांना चालायला आवडत नसे. तिसरा मी. मला चालायला आवडायचं, पण रस्ता सापडायचा नाही! उरलेले दोघे म्हणजे माझी बायको लता आणि तिचा धाकटा भाऊ सुधाकर. मंडळाचा अध्यक्ष मी होतो, कारण मंडळाचा कॅमेरा माझ्या गळ्यात असे. (कॅमेरा सुधाकरचा होता. पण गळा माझा होता.)

मी तेव्हा हिंगणघाटला एका शाळेत भूगोल शिकवायचो. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि माझं नवंनवं लग्न झालं होतं. दर रविवारी मी या दोघांना ओढत कुठल्या तरी टेकडीवर न्यायचो आणि टेकडीचे, नाल्याचे, झाडाचे फोटो काढायचो. खऱ्या निसर्गचित्रात माणूस नसतो, असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. झालं! फोटोत माणूस दिसला की माझं डोकं फिरायचं. आमच्याकडे मात्र फोटो म्हणजे माणसाचाच, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सासूबाईंना मी मोठ्या हौसेनं वेणा नदीचा फोटो दाखवला, तर त्यांनी तो उलटून मागची बाजू पाहिली.

"यात कोण हाये?"

"कोणी नाही. नदी आहे."

"नदी तं तिथं हायेच नं बाप्पा! रोल काऊन वाया घालवला?"

सासरे मात्र माझ्या बाजूचे होते. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. ते कापसाच्या एका जिनिंग सोसायटीचे सेक्रेटरी होते. सोसायटी दरवर्षी कॅलेंडर काढून सभासदांच्या घरोघर वाटायची आणि त्यावर दरवर्षी कुठला तरी देव असायचा. त्या वर्षी मामाजींनी संचालकांच्या सभेत उभं राहून जाहीर केलं की यंदा देव नाही, यंदा आपल्या जिल्ह्याचा निसर्ग!

सोसायटीचे अध्यक्ष अण्णाजी पान चघळता चघळता थांबले. "देव नाई तं लोकं कॅलेंडर भिताडाले लावतीन काऊन?"

"लावतीन! माहा जवाई फोटो काढून राह्यला!"

"अन् नाई जमला तं?"

मामाजी तापट. टेबलावर थाप मारून म्हणाले, "फोटो पसंत नाई पडला तं सेक्रेटरीकी सोडतो!"

हे मला संध्याकाळी सुधाकरकडून कळलं. सोसायटी म्हणजे मामाजींचा जीव की प्राण. सकाळी अंघोळीच्या आधी ते सोसायटीचं नाव घ्यायचे. ती खुर्ची आता माझ्या एका फोटोवर टेकली होती, आणि माझे निम्मे फोटो वाकडे यायचे.

बोरच्या धरणावर जायचं ठरलं. आदल्या दिवशी एस.टी.नं धरणाजवळचं हिंगणी गाव गाठलं, सुधाकरच्या मित्राकडे मुक्काम टाकला आणि पहाटे कुडकुडत निघालो. मित्राच्या आईनं चहानं भरलेली किटली दिली आणि ती झाकायला एक पंचा. थोडं उजाडल्यावर मी मंडळाकडे नीट पाहिलं आणि हबकलोच. लता लग्नातला जरीच्या काठाचा शालू नेसून आली होती! सुधाकरच्या गळ्यात टाय!

"हे काय आहे?"

"फोटो काढाले चाल्लो नं अजी?" लता म्हणाली.

"आपला नाही! निसर्गाचा!"

"मंग आमाले कायले आणलं? किटली धराले?"

(खरं तर त्यासाठीच आणलं होतं. पण नव्या लग्नात काही गोष्टी बोलायच्या नसतात.)

धरणाशी पोचलो आणि पाहतच राहिलो. पाण्यावरून धुकं उठत होतं, पलीकडे सागाचं रान, आणि गवत सगळं पिवळंधमक. मला खरंच भरून आलं. आपला जिल्हा इतका देखणा आहे आणि आपण वर्षभर पोरांना आल्प्स पर्वत शिकवतो! मी कॅमेरा डोळ्याला लावला. आत धुकं, साग आणि शालूचा पदर.

"लता, बाजूला हो!"

"झाली."

"अजून! सुधाकर, तुझी सावली येते आहे. काढ ती!"

"सावली कोठी ठेवू, भाऊजी?"

अशी हाकलाहाकल करत मी रोल जवळजवळ संपवला. एकाही फोटोत माणूस नाही, सावली नाही, पदर नाही. शेवटचा फोटो मी पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी राखून ठेवला होता. काठापासून थोडा आत एक दगड होता. आधी दगड पक्का आहे का पाहावं म्हणून मी कॅमेरा लताकडे दिला, त्याचं चामडी पाकीट माझ्या खांद्यालाच राहिलं, आणि दगडावर पाय ठेवला. दगड पक्का होता. त्यावरचं शेवाळही पक्कं होतं. कॅमेरा लताच्या हातात होता म्हणून वाचला. मी माझ्याच हातात होतो म्हणून गेलो!

बाहेर आलो तेव्हा दातांवर दात आपटत होते. शर्ट काढून पिळला. पॅण्ट झाडाच्या फांदीवर वाळत टाकली आणि किटलीवरचा पंचा कमरेला गुंडाळला. म्हटलं, आधी घोटभर चहा घ्यावा. किटली उचलली मात्र, वर फांदी हलली. बघतो तर एक दांडगं वानर माझी पॅण्ट हातात घेऊन बसलेलं! त्यानं आधी एका पायात डोकावून पाहिलं, मग दुसऱ्या पायात.

"ए! सोड! सोड म्हणतो ना!"

मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो. किटली हातातच होती, ती कलंडली आणि तोटीतून चहाची धार लागली. तेवढ्यात समोर पाण्यावर ढगाआडून सूर्य बाहेर आला. वानर आणखी वरच्या फांदीवर गेलं. आणि माझ्या पाठीमागे 'खट्' असा आवाज झाला.

"लते! शेवटचा फोटो होता तो!"

लता हसून हसून खाली बसली होती. "एका फोटोत तं माणूस येऊ द्या नं अजी!"

पॅण्ट काही मिळाली नाही. पंच्यावर लताची शाल पांघरून एस.टी.त बसलो. मागच्या सीटवर माझ्याच वर्गातली दोन पोरं निघाली. "नमस्कार सर," असं त्यांनी फार म्हणजे फारच आदरानं म्हटलं. वाटेत सुधाकरनं त्यांना पॅण्टची गोष्ट सांगून टाकली. सोमवारी वर्गात शिरलो, तर फळ्यावर पॅण्ट घातलेलं वानर माझी वाट पाहत होतं.

पण खरं वानर तर स्टुडिओत बसलं होतं! चौकातल्या स्टुडिओवाल्या शंकररावांकडे रोल धुवायला टाकला होता. फोटो दाखवायच्या सभेच्या दिवशी सुधाकरला घेऊन गेलो, तर त्यांनी पाकिटातून एकच फोटो काढून काउंटरवर ठेवला.

"बाकीचे?"

"बाकीच्यात कोणीच नव्हतं नं मास्तर! मी भिंग लावून पाह्यलं. माणसं उठून गेल्यावर खटका दाबला का जी?"

"अहो, निसर्ग होता तो!"

"निसर्ग तं होता. पण कोणाच्या मांगं?"

"बरं, निगेटिव्ह द्या. मी छापून घेतो दुसरीकडे."

शंकरराव जरा ओशाळले. "कोरे हायेत म्हणून कापून पोट्ट्यांले देले. सिनेमाले."

स्टुडिओच्या मागच्या बोळात पोरांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला भिंग लावून सिनेमा चालवला होता. माझं धुकं, माझं सागाचं रान, सगळं दाढीच्या ब्लेडनं कातरून भिंतीवर उलटं हलत होतं. "कोणती फिल्म लागली बे?" सुधाकरनं विचारलं. एक पोरगं वैतागून म्हणालं, "बेकार हाये. हिरोच नाई!"

उरला होता तो एक फोटो. त्यात मी पाठमोरा, उघडा, कमरेला पंचा, खांद्याला कॅमेऱ्याचं पाकीट, दोन्ही हात आभाळाकडे. वानर बसलं होतं ती फांदी फोटोच्या बाहेर राहिली होती. हा फोटो पाहून मामाजी सेक्रेटरीपद सोडतील आणि लताला परत घेऊन जातील, याबद्दल मला शंका उरली नाही. पण सोसायटीत पोचलो तेव्हा सभा सुरू झाली होती, आणि मी काही बोलायच्या आत सुधाकरनं फोटोचं पाकीट थेट अण्णाजींच्या हातात नेऊन दिलं.

अण्णाजींनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. मामाजींच्या कपाळावर घाम. मग अण्णाजींनी तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकलं, परत आले आणि फोटोला दोन्ही हात जोडले.

"काय अर्घ्य देऊन राह्यले बाप्पा सूर्याले! सेक्रेटरी, कोण महाराज हायेत हे?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. (आजही मला ठाऊक नाही की मी काय बोलणार होतो.) तेवढ्यात सुधाकर म्हणाला, "बोरचे महाराज! कोणाशी बोलत नाईत."

मी तोंड मिटलं.

"अन् सेक्रेटरी म्हणे देव नाई टाकत!" अण्णाजी मामाजींच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "निसर्गही झाला, देवधर्मही झाला. असा सेक्रेटरी भेटते का कोठी?"

आता यापुढे तोंड उघडणं म्हणजे मामाजींच्या खुर्चीचा पाय ओढणं होतं. मी गप्प राहिलो. पण प्रेसचा पेंटर गप्प राहणारा नव्हता! त्याच्या मते काळ्यापांढऱ्या फोटोत दम नव्हता, म्हणून त्यानं हातानं रंग भरले. पंचा भगवा झाला. कॅमेऱ्याच्या पाकिटाची झोळी झाली, किटलीचा कमंडलू, चहाचं गंगाजल. डोक्यामागे त्यानं पिवळं वलय काढलं आणि माझं पडू लागलेलं टक्कल जटांनी झाकून टाकलं. एवढे दाट केस मला जन्मात कधी नव्हते.

कॅलेंडर घरोघर गेलं. किराणा दुकानात, न्हाव्याकडे, आमच्या हेडमास्तरांच्या खोलीतसुद्धा मी पाठमोरा उभा! एकदा उशीर झाला म्हणून हेडमास्तर मला झापत होते आणि मधूनच माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहून हात जोडत होते. लता तर रस्त्यानं चालताना पदर तोंडात कोंबायची. मग काही भाविक मंडळी बैलगाडी करून थेट बोरला जाऊन आली. महाराज दिसले नाहीत, पण महाराजांनी त्यागलेली संसारी पॅण्ट एका उंच झाडावर लटकताना दिसली म्हणे! दोघांनी झाडाला नारळ फोडले. मामाजी हे सगळं सांगताना इतके खुलायचे की मी नुसता "वा!" म्हणायचो.

संक्रांतीला सासुरवाडीला गेलो. सकाळी अंघोळ झाली, पंचा गुंडाळून अंगणात आलो आणि दोरीवर धोतर वाळत टाकायला दोन्ही हात वर केले. मागे ओसरीवर सासूबाई कॅलेंडरला हळदकुंकू वाहत होत्या. त्या रोज वाहायच्या. एकाएकी ताटलीचा आवाज थांबला. मी तसाच उभा! वळून पाहायचा धीर होईना. सासूबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं असणार, मग माझ्याकडे, मग परत कॅलेंडरकडे, कारण बांगड्या दोनदा वाजल्या.

"लते," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पह्यल्या तारखेपासून मी कोणाले हात जोडून राह्यली वं?"

स्वयंपाकघरातून लताचं हसू फुटलं. तिला बोलताच येईना. आत मामाजी रेडिओ ऐकत बसले होते. त्यांच्या कानावर हे गेलं, की ते त्याच पावली अण्णाजींकडे जाऊन राजीनामा देणार, असा माणूस!

मी वळलो आणि सरळ हात जोडले. "मामीजी, मामाजींना सांगू नका. माझी चूक..."

"चूप बसा!" सासूबाई माझ्या जवळ आल्या आणि आत एक नजर टाकून कुजबुजल्या, "कायले सांगीन? चार वर्षांत त्याईले इतकं खूश नाई पाह्यलं मी. महाराज ते महाराज. माह्या हळदीकुंकवाले काई कमी नाई पडत."

मला इतकं हायसं वाटलं की मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवलं, माझा चेहरा नीट न्याहाळला आणि सुस्कारा सोडला.

"पण एक करजा जवाईबापू. माह्या घरी तितकं भिताडाकडे तोंड करून राहत जा. असं पाह्यलं तं मास्तर दिसता. मांगून मोठं दर्शन हाये तुमचं!"

तेव्हापासून सासुरवाडीला मी भिंतीकडे तोंड करूनच जेवायला बसतो. पोळीवर तूप दुप्पट पडतं.