बिनमिठाची खिचडी

अर्धापूरजवळच्या एका शाळेत मी पोरांची खिचडी शिजवते. वाढण्याआधी एका शिक्षकानं ती चाखायची आणि वहीत सही करायची, असा नियम आहे. आधीचे हेडसर व्हरांड्यात खुर्ची टाकून घड्याळ बघत बसायचे. त्यांच्या धास्तीनं कोणी वर्ग सोडत नसे. वहीच वर्गात जायची आणि न चाखता ‘चव चांगली’ लिहून परत यायची.

एकदा मी मीठच विसरले. सही दुसरीच्या बाईंची होती. सरांनी त्यांना पोरांसमोर उभं केलं. “खोटं लिहायचा पगार घेता का?”

चूक माझी होती, पण ते सांगायला मी चुलीपासून उठले नाही.

त्यानंतर बाई दुपारी भरलेला डबा माझ्याकडे द्यायच्या. “मावशी, घरी न्या. मला भूकच न्हाई.” पर्समधला बदलीचा अर्जही त्यांनी दाखवला. मुरुडला त्यांचं माहेर, तिकडं जायचं होतं. सर व्हरांड्यात नुसते बसलेले असले तरी बाईंची भूक कशी जाते, हे मला कळेना.

सर रिटायर झाले, मोठ्या बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्या माझ्या चुलीपाशी पाट घेऊन बसल्या. “सगळ्यांनी डबे इथंच आणा,” म्हणाल्या. दोन दिवस कोणी फिरकलं नाही. “ही नवी तपासणी दिसते,” चौथीचे गुरुजी कुजबुजले. तिसऱ्या दिवशी मात्र एकेक जण आला. दुसरीच्या बाईही येऊन बसायच्या, पण डबा अजून मलाच द्यायच्या.

पुढं महिन्याभरात मी पुन्हा मीठ विसरले. चाखायची पाळी नेमकी दुसरीच्या बाईंची. त्यांनी घास घेतला, पेन उचललं आणि हात थांबला.

“मीठ न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या.

मी मोठ्या बाईंकडे बघितलं.

“मग बघताय काय? टाका की! पोरं जेवतील दहा मिनिटं उशिरा,” मोठ्या बाई हसल्या. “मावशी, घरी पण असंच का? मालक काय म्हणतात?”

“काही न्हाई. वरून घेतात.”

सगळे हसले. एवढ्या माणसांत आपण बोललो, याचं मलाच नवल वाटलं. त्याच धीरावर, सगळे उठून गेल्यावर मी बाईंना विचारलं, “अर्ज दिला का हो?”

“पर्समध्येच हाय. यंदा राहू द्या,” त्या म्हणाल्या आणि बोटं चाटून त्यांनी रिकामा डबा बंद केला.

घरी लेक दारातच उभी होती. “आज बाईंची पोळी न्हाई?”

“न्हाई. आज बाईंना भूक लागली.”