वासण्याच्या गच्चीवरचा तेजोमेघ

"लाल झाला रे, निळा राहिला," दवाखान्यात श्रीधर म्हणाला. ती आमची शेवटची भेट. दुसऱ्या सकाळी वहिनींचा फोन आला… त्यालाही आता महिना उलटून गेला.

लाल-निळा म्हणजे काय ते सांगायला हवं. हंस तारकासमूहात फार पूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याच्या वायूचे धागे, म्हणजे तेजोमेघ, अजून पसरलेले आहेत. इतके फिकट, की बडोद्याच्या झगमगाटात डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नाही. श्रीधर तिथल्याच वासणा भागातल्या आपल्या गच्चीवरून त्यांचे फोटो घ्यायचा. दुर्बिणीला लावलेली एक काच शहराचा बहुतेक उजेड अडवते, धाग्यांचा लाल तेवढा आत सोडते. निळ्यासाठी दुसरी काच. रात्रीमागून रात्री फोटो घेऊन एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे धागा उमटतो.

आमची ओळख कॉलेजातली. तो रावपुऱ्यातल्या शिकलेल्या घरातला. मी रेल्वेत ओझी उचलणाऱ्या खलाशाचा मुलगा, आमच्या घरातला पहिला बी.एस्सी., आणि ते मी आजही छाती फुगवून सांगतो. दुर्बिणीचा जड स्टँड तो माझ्याकडूनच वर नेववायचा. "खलाशाचा ना तू? उचल!" शेजारच्या रमीलाबेन हसायच्या, "श्रीधरभाई, चांदो तो पेली बाजू छे!" चंद्र तर पलीकडे आहे म्हणे! त्याला तर चंद्राचा उजेडही नकोच असायचा. पादरा गावाच्या पुढे शेतात अंधार आहे, तिथे जाऊ, असं मी कितीदा म्हटलं. "तिथून कोणीही काढेल, लेका. इथून काढून दाखव!"

आजार कळल्यावर त्याने लाल भाग नेटाने पुरा केला. निळा जास्त हट्टी, त्याला बिनचंद्राच्या रात्री लागतात. त्या आल्या तेव्हा श्रीधरला जिना चढवत नव्हता.

तेरावं झाल्यावर मी वहिनींना म्हणालो, "निळा मी घेतो. या अमावास्येला बसतो."

वहिनी म्हणाल्या, "नको भाऊजी. मग तो फोटो तुम्हा दोघांचा होईल. ह्यांनी केला तेवढाच राहू दे ने."

खरं सांगतो, मला राग आला. काम अर्धं टाकणं आमच्या रक्तात नाही. पण निळी काच मी खिशातून काढली आणि टेबलावर ठेवून दिली…

तो नुसता लाल फोटो मोठा करून वहिनींनी हॉलमध्ये लावलाय. परवा रमीलाबेन आल्या, त्या समोर उभ्याच राहिल्या. मग खिडकीतून वरचं नेहमीचं नारिंगी आभाळ बघून आल्या. एवढं सगळं आपल्याच डोक्यावर होतं, हे त्यांना खरं वाटेना.

"आटलुं बधुं आपणी उपर हतुं?"