न पाहिलेल्या पेट्यांवरची सही

नागपुरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी नेपाळला जाणाऱ्या मालाचे कस्टमचे कागद टाइप करत असे. आमच्या घरात ऑफिसात नोकरी करणारी मी पहिलीच. प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ असायची: पेट्यांत स्फोटक किंवा पेट घेणारं काही नाही. त्याखाली सही माझी. पेट्या मात्र मी कधी पाहिलेल्या नसत.

एका दुपारी आमच्याकडचे एक म्हातारे हमाल टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, त्या कापडाच्या पेटीतून स्पिरिटचा वास येऊन राहिला."

मी गोदामात गेले. वास खरोखरच येत होता. मालकांना म्हटलं, "पेटी उघडून पाहू या."

"तुम्हाले काय करायचं आहे बाई? ट्रक उभा आहे. सही करा."

मी सही केली. ट्रक गेला. त्यानंतर फोन वाजला की माझे हात टाइपरायटरवर थांबायचे. वाटेत गाडी पेटली असेल, ड्रायव्हर भाजला असेल, असंच मनात यायचं. पण ड्रायव्हर सुखरूप परत आला, दारात उभा राहून चहा प्यायला.

तरी महिन्याभरानं मी राजीनामा दिला. मालकांनी तो वाचला आणि फाइलीतून त्या कापडाच्या पेटीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"जा ना. पण उद्या कोणी विचारलं, तर याच्यावर सही कोणाची आहे?"

मी राजीनामा उचलून पर्समध्ये टाकला. पुढची नऊ वर्षं मी तिथंच होते. गोदामाकडे मात्र पुन्हा कधी गेले नाही.