घाटात उतरवलेलं वजन

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला मोहिनीचं लग्न झालं, तेव्हा सासरच्या, अवसरी बुद्रुकच्या बायांनी तिला सांगितलं होतं की रामनाथ निर्व्यसनी आहे. ते अगदी खरं होतं. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. त्याला नाद होता तो एकच, ॲव्हरेजचा. हाही नाद व्यसनात मोडतो, हे त्या बिचाऱ्या बायांना कुठून ठाऊक असणार!

गाडी लिटरला किती देते, यावरून रामनाथ माणसांची लायकी ठरवायचा. मंचरला हायवेलगत त्याचं खतांचं दुकान होतं आणि ते बरं चालायचं. पेट्रोल परवडत नव्हतं अशातला भाग नाही. पण आपली गाडी दुसऱ्यापेक्षा जास्त देते, यातच त्याची सगळी इज्जत अडकलेली होती. आधी मोटारसायकल होती. उतार लागला की हा इंजिन बंद करायचा, आणि चढ लागला की मागं न बघता म्हणायचा, "उतर गं जरा." मोहिनी उतरायची. लेक श्रेया पोटात होती तेव्हा उतरली, कडेवर आली तेव्हाही उतरली. वर जाऊन तो वाट बघत थांबायचा आणि खुशीत म्हणायचा, "बघ, गाडीला जाणवलंसुद्धा न्हाई." नवऱ्याचं असतं एकेक, म्हणून तिनं ते अंगवळणी पाडून घेतलं.

दोन हजार तीन साली सेकंडहँड चारचाकी आली. पुढच्या काचेला हळदीकुंकू लावताना मोहिनीला वाटलं, सुटले बाई एकदाची, आता उतरणं नाही. उतरणं नव्हतं खरं, पण बसणं होतं. एसीच्या बटणाला हात लावायचा नाही, तो पेट्रोल पितो. काच खाली घ्यायची नाही, वारं आत शिरलं की गाडी अडते. काटा पन्नासच्या पुढं न्यायचा नाही. मागून कांद्याचे ट्रक हॉर्न मारमारून पुढं निघून जायचे, आणि बंद काचांच्या आत मोहिनी घामानं चिंब होऊन बसायची. मंचरच्या बाजारात गाडी न्यायची नाही, कारण गर्दीत पहिल्या गिअरमध्ये ती नुसती ढोसते. म्हणून भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांनी ओढत हायवेपर्यंत आणायच्या. एवढं सगळं करून गाडी रोजच्या वापरात द्यायची किती? बारा, फार तर तेरा. पण हे फक्त नवराबायकोला माहीत होतं.

दुकानापुढच्या बाकावर चांगदेव बसलेला असायचा, रामनाथचा शाळेपासूनचा दोस्त. तो मुद्दाम विचारायचा, "किती देती राव गाडी?"

"अठरा. हायवेला वीस. होय ना गं?"

"होय," मोहिनी म्हणायची. इतक्या वर्षांत या प्रश्नाला तिनं दुसरं उत्तर दिलं नव्हतं. आधी लाजून दिलं, मग सवयीनं, आणि पुढं पुढं तर प्रश्न न ऐकताच.

एकदा चांगदेव चिडला. "वीस? थापा नको हाणू. माझ्यासमोर टाकी फुल कर, आण्याला जाऊन ये, आन् परत माझ्यासमोर फुल कर."

आणे हे मोहिनीचं माहेर. तिची आई साळुबाई तेव्हा लेकीकडंच होती, मंचरला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूळ लागू द्यायची नाही, दम लागेल असं काही करायचं नाही. डोळा बरा होईपर्यंत राहा म्हणून मोहिनीनं विनवलं, पण लेकीच्या दारात जास्त दिवस राहायचं साळुबाईला अवघड वाटत होतं. शेवटी मोहिनी म्हणाली, "मग यष्टीनं न्हाई जायचं. गाडीतनं सोडते. पाय जमिनीला लागू द्यायची न्हाई तुला."

रामनाथ लगेच तयार झाला. सासूसाठी की पैजेसाठी, ते मोहिनीनं विचारलं नाही.

एप्रिलचं ऊन होतं. चांगदेवासमोर टाकी गळ्यापर्यंत भरून ते निघाले. मायलेकी मागं, काचा बंद. काळा चष्मा लावलेली साळुबाई पदरानं वारा घेत बसली होती. बेल्हे मागं पडलं, आण्याचा घाट लागला आणि पुढं एक मालानं लादलेला ट्रक आडवा आला. गाडी पहिल्या गिअरवर रडायला लागली.

"वाट लागली ॲव्हरेजची," रामनाथ चुकचुकला. "वजन बी हाय ना मागं."

साळुबाईचा सगळा जन्म बैलगाडीत गेलेला. चढाला बैल दमले की माणसांनी उतरून चालायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती पुढं वाकून म्हणाली, "जावईबापू, थांबवा. दमलंय ते. मी उतरते."

मोहिनी नवऱ्याच्या मानेकडं बघत राहिली. आता तो म्हणेल, काहीतरीच काय मामी, बसा गपचूप. एवढं एक वाक्य त्यानं म्हणावं म्हणून तिनं श्वास रोखला.

रामनाथनं गाडी कडेला घेऊन हँडब्रेक ओढला. "हळूहळू या. वरल्या वळणाला थांबतो."

मोहिनीही उतरली.

"तू बी? ब्येस झालं," तो म्हणाला आणि गेला.

ट्रकमागून ट्रक धुरळा उडवत चढत होते. आईच्या डोळ्यापुढं पदर धरून मोहिनी चालत होती. साळुबाईला धाप लागली होती, तरी म्हणाली, "हितं वारं तरी हाय गं. आत लई गुदमरत व्हतं." मग थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "तुला बी उतरवतो का गं असा?"

"न्हाई गं," मोहिनी म्हणाली. ते 'न्हाई' तिच्या रोजच्या 'होय'सारखंच निघालं, आणि ते तिला स्वतःलाच ऐकू आलं. स्वतः उतरताना कधी काही वाटलं नव्हतं. आज आईची धाप ऐकताना तिला शरम वाटली, आणि त्या शरमेपेक्षा मोठा राग आला.

वळणावर रामनाथ हसतमुखानं उभा होता. "बघा मामी, गाडीला जाणवलंसुद्धा न्हाई."

आण्याला पोचेपर्यंत साळुबाईचा डोळा लाल होऊन गळायला लागला होता. मोहिनीनं थेंब घातले, भावजयीला बजावून सांगितलं आणि ती परत गाडीत बसली. घाट उतरताना रामनाथ इंजिन बंद करून, वाचलेलं पेट्रोल मनातल्या मनात मोजत बसला होता.

पंपावर चांगदेव हजर होता. टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. रामनाथनं बोटांवर हिशोब केला आणि टाळी वाजवली. "वीसच्या वर! होय ना गं?"

"होय," मोहिनी म्हणाली. "पण आण्याचा घाट माझी आई पायी चढली. ऑपरेशनचा डोळा घेऊन. तेवढं धरून सांगा चांगदेवभाऊंना."

चांगदेवाचं हसू विरलं. तो रामनाथकडं बघायचं सोडून पंपाकडं बघायला लागला.

"बस गाडीत," रामनाथ दबक्या आवाजात म्हणाला.

"तुमी व्हा पुढं. माझं वजन कशाला?"

आणि ती अवसरीच्या रस्त्यानं चालायला लागली. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला होता. मागून गाडी आली, तिच्या बरोबरीला आली, आणि काच खाली झाली.

"मोहिनी, बस ना. लोक बघत्यात."

तिनं मान वळवली नाही. गाडी पार घरापर्यंत पहिल्या गिअरवर तिच्या मागं मागं येत राहिली.